साठ आणि एकाहत्तर

धक्क्यावरच्या शेवटच्या दुकानात स्टोव्ह पेटलेला असतो, स्टोव्हवर पातेलं असतं, पातेल्यात पाणी असतं आणि त्या पाण्यात दोऱ्याला बांधून सोडलेली एक पितळी चकती असते. शेजारी काचेचा थर्मामीटर धरून साठीच्या पुढचे एक गृहस्थ पाण्याकडे टक लावून बसलेले असतात. नवखा माणूस हमखास विचारतो, "चहा मिळेल का?" गृहस्थ मान वर न करता सांगतात, "चहा समोर. इथं इंजिनं."

हे पातेलेवाले मिस्त्री. बोटींच्या इंजिनांचे मेकॅनिक. समोर मोठं तळं, इतकं मोठं की पलीकडचा काठ ढगाळ दिवशी दिसत नाही. त्या तळ्यात चालणाऱ्या निम्म्याहून जास्त बोटींची इंजिनं मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली. त्यांना सगळीच कामं येतात, पण त्यांचा जीव जडलाय तो या पितळी चकतीवर. थर्मोस्टॅटवर.

आता थर्मोस्टॅट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. मुठीत मावेल एवढी वस्तू. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याखाली ती बसते. इंजिन गार असेपर्यंत ती पाण्याची वाट अडवून धरते आणि इंजिन ठरावीक तापलं की वाट मोकळी करते. ती किती अंशांना उघडणार याचा आकडा कंपनीनं वर कोरलेला असतो. मिस्त्रींचा त्या आकड्यावर काडीचाही विश्वास नाही. "कोरणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? तो सत्तरही कोरेल आणि सातशेही," असं म्हणून ते प्रत्येक चकती स्वतः उकळून बघतात. कितीला हलली, कितीला पूर्ण उघडली, हे जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठी चकतीला बांधतात आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतात. घाई असलेल्या गिऱ्हाइकांची या प्रकारात फार चिडचिड होते. मिस्त्रींना त्याचं सुखदुःख नाही.

त्यांचं खरं भांडण असायचं ते गारव्याच्या भक्तांशी. बोटवाल्यांच्या डोक्यात एक खूळ पक्कं बसलेलं असतं, की इंजिन जितकं गार तितकं बरं. असा एखादा येऊन म्हणायचा, "मिस्त्री, ती चकती काढूनच टाका ना. उगाच अडथळा."

"तुमच्या घराचं दार पण काढून टाकू का? तोही अडथळाच," मिस्त्री म्हणायचे. मग त्याला समोर बसवून शिकवणी सुरू. गार इंजिनात तेल नीट जळत नाही, आत ओल धरते, वंगणाला दुधाळ रंग येतो, आणि मग सिलिंडर असे झिजतात की दोन वर्षांत इंजिन धुराचं दुकान होतं. तळ्याच्या पाण्याला एकाहत्तर अंश. एक कमी नाही, एक जास्त नाही. हा आकडा त्यांच्या वडिलांचा. वडिलांनी तो दोन्ही मुलांना पाढ्यासारखा घोकून घेतला होता.

दोन्ही मुलांना, कारण मिस्त्रींना एक भाऊ आहे. नऊ वर्षांनी धाकटा. आणि ही सगळी हकिगत खरं तर त्याचीच आहे, कारण मिस्त्रींच्या आयुष्यात पश्चात्ताप करावा असं एकच काम झालं आणि ते त्याच्याच बाबतीत झालं.

धाकट्याचा हात मिस्त्रींपेक्षा चलाख होता. हे मिस्त्री स्वतः कबूल करतात. अर्थात धाकटा आसपास नसताना. मिस्त्री इंजिन उघडून विचार करत बसत, तोवर धाकटा कान लावून सांगून टाकी, "दादा, दुसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." आणि तो तोच निघे. वडील गेल्यावर दोघांनी मिळून दुकान चालवलं. थोरला पातेल्यापाशी, धाकटा बोटीत. पंधरा वर्षं कुणाची दृष्ट लागावी असं चाललं होतं.

मग एक दिवस मिस्त्री सुटे भाग आणायला बाहेरगावी गेले. दुपारी एक बोटवाला धापा टाकत आला. धक्क्यावर तीस-चाळीस उतारू खोळंबलेले, त्यात एक बाळंतपणाला निघालेली बाई, आणि इंजिन तापून लालबुंद. धाकट्यानं झाकण उघडलं. थर्मोस्टॅट बंदच्या बंद अडकून बसलेला. दुकानात त्या मापाचा दुसरा नव्हता. त्यानं तो उपटला, झाकण तसंच आवळलं आणि बोट सोडली.

संध्याकाळी मिस्त्री परतले आणि ट्रेमध्ये पडलेला थर्मोस्टॅट त्यांनी पाहिला. विचारपूस वगैरे काही नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर त्यांनी तोंड सोडलं. "हे मेकॅनिकचं काम नाही, भंगारवाल्याचं आहे. बाबा असते तर तुझ्या हातातला पाना काढून घेतला असता."

धाकट्यानं हातातला पाना फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला आणि तो घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोटवाला हजर. म्हणाला, "तुमच्या भावानं काल बजावून सांगितलं होतं, हे फक्त आजच्यापुरतं, उद्या उजाडताच येऊन नवा बसवून घे. म्हणून आलो. आणि हो, बाई सुखरूप आहे, मुलगी झाली."

मिस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट उकळला, चिठ्ठी बांधली, बसवला. आता उठावं आणि भावाच्या घरी जावं, हे त्यांना कळत होतं. दोन गल्ल्यांचं अंतर. पण धाकटा दुपारपर्यंत आपणहून येईल असं त्यांना वाटलं. दुपारी वाटलं, उद्या येईल. राग निवळला की येतोच, लहानपणापासूनची सवय आहे. धाकटा आला नाही. दोन महिन्यांनी त्यानं एक जुनी उतारूंची बोट घेतली, तिचं इंजिन स्वतः उघडून स्वतः जोडलं आणि तो तळ्यात फेऱ्या मारू लागला. मोठ्या भावाच्या दुकानाची पायरी तो पुन्हा चढला नाही.

सुरू झाला अबोला. तोही साधासुधा नाही. घरं जवळ, येणंजाणं पूर्वीसारखंच, दोघांच्या बायकांचं तर सख्ख्या बहिणींहून बरं. एकाच खोलीत चौघं जेवायला बसत आणि मिस्त्री बायकोला सांगत, "त्याला म्हणावं, पंखा जरा कमी कर." धाकटा वहिनीकडे बघून म्हणे, "वहिनी, दादाला विचारा, एवढा पुरे का?" मध्ये अंतर हातभर. दोघी जावांनी या कामाला 'आमचं पोस्ट ऑफिस' असं नाव दिलं होतं. आधी त्या हसत. पुढे पुढे हसणंही थांबलं.

मिस्त्रींना भाऊ परत हवा होता. हे स्वच्छ सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून माणूस भलताच समज करून घेईल. सात वर्षांत त्यांनी दुसरा मदतनीस ठेवला नाही. धाकट्याचे पाने त्याच क्रमानं भिंतीला टांगलेले होते आणि दर आठवड्याला मिस्त्री त्यांना तेलाचं बोट फिरवत. फक्त 'चुकलं माझं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हते. आणि ते न म्हणता भाऊ परत येईल असा रस्ता ते रोज शोधत होते.

या सात वर्षांत दुकानात एक गोष्ट बदलली होती, ती धाकट्याला ठाऊक नव्हती. पातेल्याची ख्याती समुद्रापर्यंत गेली होती. तिकडचा एक मच्छीमार थर्मोस्टॅट न्यायला आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला बिनधास्त वडिलांचा एकाहत्तर दिला. दीड वर्षानं तो माणूस बंद पडलेलं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आला. मिस्त्रींनी ते उघडलं. पाण्याच्या सगळ्या वाटा पांढऱ्या, दगडासारख्या थरानं बुजलेल्या. त्या बोटीही तळ्यातल्या बोटींसारख्याच बाहेरचं पाणी ओढून इंजिनात फिरवणाऱ्या. पण ते पाणी खारं. खारं पाणी फार तापवलं, की त्यातलं मीठ आणि क्षार आतल्या अंगाला धरतात आणि वाटा हळूहळू बंद होत जातात. खाऱ्या पाण्याला साठ अंशांचा लागतो. इंजिनाला थोडं गार चालण्याचा तोटा होतो, पण ते जगतं.

त्या मच्छीमाराचं इंजिन मिस्त्रींनी महिनाभर खपून दुरुस्त करून दिलं आणि हात जोडून त्याची माफीसुद्धा मागितली. परक्याची माफी मागायला त्यांना काहीच जड गेलं नाही. तेव्हापासून बाहेरगावचं गिऱ्हाईक पायरी चढलं, की मिस्त्रींचा पहिला प्रश्न, "पाणी कुठलं?" गोडं म्हटलं तर डावा खण, एकाहत्तर. खारं म्हटलं तर उजवा खण, साठ. तळ्यावरच्या बोटवाल्यांना या गोष्टीशी काही कर्तव्य नव्हतं, आणि धाकट्यापर्यंत ती पोचवणार कोण? पोस्ट ऑफिसातून पंख्याचे निरोप जात, अंशांचे नाही.

आणि मग तळ्यावर पूल झाला.

पूल होऊन वर्षाच्या आत उतारूंच्या बोटी ओस पडल्या. ज्यांनी त्यांनी आपापली वाट शोधली. धाकट्यानं ठरवलं, बोट ट्रकवर चढवायची आणि समुद्रावर न्यायची. तिथल्या बंदरापासून समोरच्या बेटावर लोकांची ये-जा होती आणि बोटी कमी पडत होत्या. घर बंद करून, बायकोला घेऊन तो कायमचा निघणार होता. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. मिस्त्रींनाही.

निघण्याच्या चार दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला, धाकट्याची बायको दुकानात आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"दादा, यांनी इंजिन उघडलंय. प्रवासाआधी सगळं नवं घालतायत. हे हवंय म्हणाले." तिनं चिठ्ठी पुढे केली. धाकट्याचं गिचमिड अक्षर. 'थर्मोस्टॅट, एकाहत्तर, एक नग. दादानं तपासलेलाच आण.'

मिस्त्रींनी चिठ्ठी दोनदा वाचली. प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला होता. तो दिवसाला दहादा विचारायची सवय. तोंड आपोआप उघडलं होतं. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, आता त्याला माझी गरज आहे. समुद्रावर चाललाय, खाऱ्या पाण्यातलं त्याला ओ का ठो कळत नाही. मग येऊ दे की स्वतः. 'दादा, समुद्राला कितीचा लागतो?' एवढं एक वाक्य त्यानं विचारावं. मी सांगेन, चहा मागवीन, सात वर्षं एका वाक्यात मिटतील. त्यानं विचारावं फक्त.

"तो काय करतोय आत्ता?" त्यांनी विचारलं.

"बोटीतच आहेत. इथून हाक मारली तर ऐकू येईल."

मिस्त्रींनी दारातून बघितलं. पन्नास पावलांवर धाकटा इंजिनावर वाकलेला होता. त्याची पाठ दिसत होती. त्यानं वळून पाहिलं नाही. मिस्त्रींच्या कपाळावर आठी चढली.

त्यांनी स्टोव्ह पेटवला. डाव्या खणातला एकाहत्तरचा थर्मोस्टॅट काढून पाण्यात सोडला. एकदा नाही, तीनदा तपासला. सत्तरला हलला, एकाहत्तरला उघडला, तिन्ही वेळा. असा नेमका थर्मोस्टॅट त्यांच्या हातात वर्षानुवर्षांत आला नव्हता. उजवा खणही त्यांनी उघडला. साठचा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ दोन्ही शेजारी शेजारी पडून होते. शेवटी साठचा परत खणात गेला.

"काही सांगायचंय का त्यांना?" चिठ्ठी बांधलेला थर्मोस्टॅट पिशवीत घालताना धाकट्याच्या बायकोनं विचारलं. चांगली बाई. तिनं दार पुरतं उघडून धरलं होतं.

"मागितलं ते दिलंय," मिस्त्री म्हणाले.

पुढचे चार दिवस ते दुकानाच्या दाराकडे तोंड करून बसले. तो येईल. निघण्याआधी एकदा तरी येईल. चौथ्या दिवशी सकाळी ट्रक धक्क्यावर लागला, बोट चढली, दोर आवळले गेले. धाकटा वहिनीच्या पाया पडायला घरी आला तेव्हा मिस्त्री मुद्दाम दुकानात होते, आणि तो दुकानावरून गेला तेव्हा त्यांनी मुद्दाम मान खाली घातली होती. असा दुहेरी हुशारपणा करून त्यांनी भावाला समुद्रावर पाठवला.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी मनाला समजावायचा धंदा सुरू केला. समुद्रावरचे लोक त्याला सांगतीलच. तो हुशार आहे, त्याच्या लक्षात येईल. किंवा तो इंजिनात वेगळं गोडं पाणी फिरवायची सोय करून घेईल, बरेच लोक करतात, आणि मग एकाहत्तरच बरोबर ठरेल. एवढ्या पळवाटा त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. दीड वर्ष. त्यांना मुदतसुद्धा ठाऊक होती.

दहाव्या महिन्यात मनाचा हिय्या करून त्यांनी फोन लावला. धाकट्याच्या बायकोनं उचलला.

"दादा? तुम्ही? सगळं बरं आहे ना?"

"हो, हो. तुमचं बरं आहे ना?"

"एकदम मस्त. फेऱ्यांना फुरसत नाही. आणि इंजिन तर असं चाललंय म्हणून सांगू! हे रोज म्हणतात, एकदाही कुरकुरलं नाही."

मिस्त्रींच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. तो थर्मोस्टॅट बदलून साठचा टाकायला सांग. पण त्याच्यामागून लगेच दुसरं वाक्य आलं असतं, ते त्यांना ऐकू येत होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलं? दहा महिन्यांपूर्वी जे एका शब्दाचं काम होतं, त्याला आता कबुलीजबाब लागत होता. जितके दिवस जात होते तितका तो लांबत होता.

"बरं. काळजी घ्या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी एक साठचा थर्मोस्टॅट पुड्यात बांधून ते बसस्टँडवर गेले. कंडक्टरनं पुडा हातात घेऊन विचारलं, "देताना काय सांगू?" मिस्त्रींनी पुडा परत मागून घेतला.

विसाव्या महिन्यात बातमी आली. धाकट्याची बोट बंदराच्या तोंडाशी असताना इंजिन तापलं, कण्हलं आणि जागच्या जागी आवळून बंद पडलं. भरतीचं पाणी, वारा आडवा. शेजारच्या बोटींनी उतारूंना उचलून घेतलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बोट वाहत जाऊन बंधाऱ्याच्या दगडांवर बसली आणि लाटांनी दुपारपर्यंत तिच्या फळ्या मोकळ्या केल्या. हाताला लागलं ते फक्त इंजिन. ते क्रेननं काढून एका शेडमध्ये ठेवलंय, असं धाकट्याच्या बायकोनं फोनवर जावेला सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "हे म्हणतायत, दादाला म्हणावं, एकदा येऊन इंजिन बघून जा."

साडेआठ वर्षांनी आलेलं बोलावणं. मिस्त्री सकाळची पहिली बस पकडून निघाले. वाटभर त्यांनी एकच वाक्य घोकलं. मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही. सहा शब्द. बसच्या खिडकीशी ते हळू आवाजात म्हणूनही बघितले. आज सांगायचंच. पाय धरायचे, पण सांगायचं.

शेडमध्ये धाकटा एका पालथ्या पेटीवर बसला होता. त्याचे केस पिकले होते. मिस्त्रींना पाहताच तो उठला आणि म्हणाला, "दादा." एवढंच. मिस्त्रींना तो एक शब्द सोसवेना. ते तडक इंजिनापाशी जाऊन खाली बसले आणि त्यांनी पाना मागितला.

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. धाकट्याचा हात अजून तसाच होता. मिस्त्रींनी मागायच्या आत हवा तो पाना पुढे येई. अर्धा तास ते जुन्यासारखे काम करत होते आणि तो अर्धा तास, खरं सांगायचं तर, मिस्त्रींना विलक्षण सुखाचा गेला. मग इंजिनाचं डोकं उचललं गेलं. आत तेच. पांढरा, दगडासारखा थर, पाण्याच्या एकूण एक वाटेत. मिस्त्रींनी झाकणाखालून आपलाच थर्मोस्टॅट बोटांनी काढला. तो अजून शाबूत होता. त्यानं आपलं काम चोख केलं होतं, शेवटपर्यंत, एकाहत्तरला.

ते तोंड उघडणार तोच धाकटा बोलू लागला.

"इथं आल्या आल्या दोघा-तिघांनी मला सांगितलं होतं, दादा. समुद्राला साठचा टाक म्हणून. भांडले माझ्याशी. मी म्हटलं, हा माझ्या दादानं दिलाय. मी समुद्रावर चाललोय हे त्याला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चुकीचा असता तर त्यानं हातात दिला असता का? आमच्यात अबोला आहे, पण म्हणून माझा दादा मला चुकीची वस्तू देईल? मग ते गप्प बसले."

मिस्त्री थरावरून अंगठा फिरवत राहिले.

"आता तेच लोक म्हणतायत, बघ, आम्ही सांगितलं होतं." धाकट्यानं हातातला पाना खाली ठेवला. "म्हणून तुला बोलावलं. बोट गेली ती गेली, दादा. पण हे मला सहन होत नाहीये. मीठ काय, इथं सगळ्यांच्याच इंजिनात धरतं. दुसरंच काहीतरी झालं असणार. पंप गेला असेल. पंपच ना?"

शेजारी पंप उघडा पडला होता. त्याच्या रबरी चाकाचं एक पातं तुटलेलं होतं. तुंबलेल्या वाटांनी आणि उष्णतेनं तोडलेलं. कोणत्याही मेकॅनिकला कळावं असं. मिस्त्रींनी ते चाक उचललं. धाकटा त्यांच्याकडे बघत होता, जसा तो लहानपणी खेळताना पडला की आधी दादाच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मग ठरवायचा, रडायचं की नाही.

"पंपच," मिस्त्री म्हणाले.

धाकट्यानं मोठा श्वास सोडला. मग तो हसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेडच्या दाराशी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यानं ओरडून सांगितलं, "ऐकलंत का काका? पंप होता! दादा सांगतोय!" म्हाताऱ्यानं एकवार मिस्त्रींकडे पाहिलं आणि जाळ्यात मान घातली. त्याला ठाऊक होतं. मिस्त्रींना कळलं की त्याला ठाऊक आहे.

दोघं शेडबाहेर कठड्यावर येऊन बसले. चहा आला. धाकटा आता भरभरून बोलत होता. आठ वर्षांचं साचलेलं सगळं. आपण पुष्कळ चुकलो, दुकान असं सोडून जायला नको होतं, असंही तो म्हणाला. तो! मिस्त्री ऐकत होते. मग कप खाली ठेवून, लाजत, समुद्राकडे बघत त्यानं विचारलं,

"दादा, मी परत येऊ का रे? दुकानात? बोट तर गेलीच. तू पातेल्यापाशी, मी बोटीत. आधीसारखं."

साडेआठ वर्षं मिस्त्री या एका वाक्यासाठी थांबले होते. त्या वाक्यासाठीच त्यांनी हे सगळं केलं होतं. आणि आता त्यांच्या डोळ्यांसमोर दुकान उभं राहिलं: डावा खण, उजवा खण, पायरी चढणारं समुद्रावरचं पहिलं गिऱ्हाईक, आणि शेजारी उभा असलेला, कान लावताच सगळं ओळखणारा भाऊ. एक दिवस. फार तर दोन. तेवढ्यात त्याला सगळं उमगलं असतं, आजचा पंपसुद्धा.

अजूनही सांगता आलं असतं. कठड्यावर दोघंच होते. सहा शब्द.

"दुकानात आता दोघांपुरतं काम नाही राहिलं रे," मिस्त्री म्हणाले. "पुलामुळे सगळं बसलंय. तू इथंच बघ काहीतरी."

धाकट्यानं कप उचलून उरलेला चहा संपवला. मग त्यानं मान हलवली.

"बरोबर आहे तुझं. तू म्हणतोयस म्हणजे विचार करूनच म्हणत असशील."

धाकटा आता त्या बंदरावर दुसऱ्याच्या बोटीत काम करतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो आणि दोघं भाऊ तासभर बोलतात. बायकोला त्याचा इतका आनंद झाला, की तिनं पहिल्या दिवशी दारी येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, अबोला सुटला म्हणून. फोन ठेवला की मिस्त्री उठून दुकानात जातात, रविवार असला तरी, आणि बायकोनं कितीही विचारलं तरी, तो तिकडे एकटा झिजतोय तर त्याला इकडे बोलवत का नाही, याचं उत्तर देत नाहीत.